मशीन बंद नसतं

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत एका तरुणाचा मृत्यू झाला. तो पेशंट नव्हता. नात्यातल्या एका आजारी बाईंना स्कॅनसाठी नेत होते. त्यांच्यासोबत ऑक्सिजनचा सिलिंडर होता आणि तो उचलून आत न्यायला हा मदतीला गेला. चुंबकाने सिलिंडर ओढला आणि सिलिंडरबरोबर त्यालाही. नातेवाइकांनी तेव्हा वर्तमानपत्रांना सांगितलं, की धातूची वस्तू आत चालत नाही ना, अशी शंका त्यांनी काढली होती. त्यावर मशीन बंद आहे, असं उत्तर मिळालं.

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ असंच घडलं. बायकोच्या गुडघ्याचा स्कॅन झाला होता, तिला टेबलावरून उठवायला नवरा आत गेला. त्याच्या गळ्यात व्यायामासाठी वापरतात ती सुमारे नऊ किलोची लोखंडी साखळी होती. तोही वाचला नाही.

दोन्ही वेळा जीव गेला तो सोबत आलेल्याचा. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे पेशंट एक आणि सोबत चौघं अशीच पद्धत आहे. पेशंटला गाऊन घालतात, फॉर्म भरून घेतात, दहा प्रश्न विचारतात. चप्पल बाहेर काढून ‘मी जरा आईला धरतो’ म्हणत आत शिरणाऱ्या मुलाला किंवा जावयाला कुणी काही विचारतंच असं नाही. आणि हल्ली बेळगावात काय किंवा पुण्याला नोकरीच्या गावी काय, घरातल्या मोठ्यांना एमआरआयला घेऊन जाण्याचं काम आपल्याच पिढीकडे आलंय.

मी शिक्षणाने इंजिनिअर, कामाने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही. त्यामुळे स्कॅन करावा की करू नये, रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, या भानगडीत मी पडणार नाही. पण बारावीला आपण सगळ्यांनी घोकलेली विद्युत क्षेत्रं आणि चुंबकीय क्षेत्रं एका खोलीत एकदम काम करताना बघायची असतील, तर एमआरआयच्या खोलीसारखी दुसरी जागा नाही. तिथल्या दारावरच्या सूचना वरवर विचित्र वाटतात. आत काय चाललंय ते कळलं की त्यातली एकही उगाच लिहिलेली नाही हे दिसतं.

पहिली गोष्ट मशीन ‘बंद’ असण्याची.

घरातला पंखा बटण दाबलं की थांबतो, कारण विजेचा रस्ता तुटतो. एमआरआयच्या मुख्य चुंबकाला असं बटणच नसतं. निओबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची कित्येक किलोमीटर तार बोगद्याभोवती गुंडाळलेली असते आणि ती द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात. एवढ्या थंडीत ही तार अतिवाहक होते, म्हणजे तिचा विजेला होणारा विरोध शून्यावर येतो. मशीन बसवताना तिच्यात काही शे अँपिअरचा प्रवाह एकदा सोडतात, वेटोळ्याची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकतात आणि बाहेरचा पुरवठा काढून घेतात. विरोध नाही म्हणजे प्रवाह संपायचं कारण नाही. तो तिथे वर्षानुवर्षं फिरत राहतो. संध्याकाळी टेक्निशियन कॉम्प्युटर बंद करून, दिवे घालवून घरी जातो तेव्हाही. लोडशेडिंगमध्येही.

काही छोट्या, बाजूने उघड्या मशीनमध्ये साधे कायमचुंबक असतात. ते तर काय, फ्रीजवरच्या चुंबकासारखेच, बंद होण्याचा प्रश्नच नाही.

चुंबक खरोखर उतरवायचंच झालं तर भिंतीवर आणीबाणीचं एक बटण असतं. ते दाबलं की तार गरम होते, अतिवाहकता जाते आणि हेलियम उकळून वायू होऊन छतावरच्या नळातून बाहेर पडतो. एक लिटर द्रव हेलियमचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. तो खोलीत साचला तर श्वासाला प्राणवायू उरणार नाही, म्हणून तो जाड नळ लागतो. पुन्हा हेलियम भरून मशीन चालू करायचा खर्च मोठा असतो, त्यामुळे ते बटण कुणी सहज दाबत नाही. २०१४ मध्ये नवी मुंबई परिसरातल्या एका केंद्रात दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये अडकले होते. सुमारे चार तास. चुंबकाचं क्षेत्र उतरवल्यावरच ते सुटले.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर आपल्या बाजूची एक गंमत. या वायूचा पहिला माग पृथ्वीवर लागलाच नाही, सूर्यावर लागला, आणि तो १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात. त्या ग्रहणाचा पट्टा आपल्या अंगणातून गेला होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ते आपल्या जमखंडीहून पाहिलं, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून. सूर्याच्या प्रकाशातली ती अनोळखी पिवळी रेघ एका नव्या मूलद्रव्याची आहे, असं म्हणणारे नॉर्मन लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लागला ही कोकणातली गोष्ट ऐकायला मला आवडते, पण लॉकियरसाहेबांचं काम ग्रहणाशिवाय, तिकडूनच झालं.

तर चुंबक चालूच असतं. पण किती जोराचं? भारतात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० ते ५० मायक्रोटेस्लाच्या घरात असतं. होकायंत्राची सुई त्यावर फिरते. नेहमीच्या एमआरआयचं क्षेत्र १.५ टेस्ला, म्हणजे त्याच्या सुमारे तीस हजार पट. काही ठिकाणी ३ टेस्लाची मशीन असतात.

आकडा मोठा आहे, पण लोकांना फसवतो तो आकडा नाही. फसवते ती ओढ वाढण्याची रीत. हा हिशोब मी एकदा कागदावर केला आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत असतो.

होकायंत्राची सुई पृथ्वीच्या क्षेत्रात फिरते, पण उत्तरेकडे सरकत जात नाही. का? कारण सुईच्या दोन टोकांवरचे जोर सारखे आणि उलटे असतात. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर ते लोखंडाला फक्त वळवतं, ओढत नाही. ओढायला क्षेत्रात चढ लागतो. म्हणजे वस्तूच्या एका टोकाशी ते जास्त आणि दुसऱ्या टोकाशी कमी असावं लागतं. बोगद्याच्या मधोमध क्षेत्र सगळ्यात मोठं असूनही तिथे ओढ जवळजवळ नसते. ती सगळ्यात जास्त असते बोगद्याच्या तोंडाशी, जिथे काही हातांच्या अंतरात क्षेत्र कोसळत जातं. म्हणजे नेमकी जिथे माणसं पेशंटला धरून उभी असतात तिथे.

आता दुरून चालत येणाऱ्या माणसाचं बघू. लांबून पाहिलं तर कुठल्याही चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. अंतर निम्मं केलं की क्षेत्र आठपट. क्षेत्राचा चढ त्याहून वेगाने वाढतो, सोळापट. आणि लोखंड मुळात स्वतः चुंबक नसतं, समोरच्या क्षेत्रामुळे ते चुंबक बनतं. क्षेत्र आठपट झालं की तेही आठपट जोरदार चुंबक बनतं. ओढ म्हणजे या दोन गोष्टींचा गुणाकार. आठ गुणिले सोळा, १२८. अंतर निम्मं, ओढ १२८ पट! हल्लीच्या मशीनमध्ये क्षेत्र बाहेर पसरू नये म्हणून उलट्या वेटोळ्यांचं कवच असतं, त्यांत तर बाहेर काहीच जाणवत नाही आणि दाराजवळचा चढ आणखी उभा असतो.

सिलिंडर धरलेला माणूस दारात उभा असतो तेव्हा त्याच्या हाताला काही लागत नाही. दोन पावलं पुढे किंचित ओढ वाटते, वाटली तर. त्याला वाटतं, एवढंच ना, धरून ठेवीन. रोजच्या आयुष्यात आपल्याला हळूहळू वाढणाऱ्या जोराची सवय असते. बादली भरत जाते तशी जड होत जाते, घाट चढतो तसा दम लागतो. इथे पुढच्या पावलाला ओढ सिलिंडरच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट झालेली असते. शिवाय लांबट वस्तू आधी झटक्यात वळते, लांबी क्षेत्राच्या दिशेत येते, मग सुटते. कात्री, स्टूल, व्हीलचेअर, फरशी पुसायची बादली, सगळ्यांचं हेच. एकदा सुटली की मधे कोण आहे ते ती बघत नाही.

खोलीच्या आसपास जमिनीवर किंवा दारावर एक सीमारेषा आखलेली असते. ५ गॉस, म्हणजे अर्धा मिलिटेस्ला क्षेत्राची ती रेघ. तिच्या बाहेरून आत बघून ‘काही होत नाही’ असं ठरवणं किती फुकाचं आहे, हे या १२८ वरून लक्षात यावं.

मग सोनं? हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. सोनं, चांदी, तांबं यांना चुंबक ओढत नाही. लोखंडाच्या अणूंमधले काही इलेक्ट्रॉन छोट्या चुंबकासारखे वागतात आणि शेजारचे अणू एकमेकांच्या वळणाने उभे राहतात. लाखो-करोडो अणूंचे असे एकाच दिशेला तोंड केलेले गट असतात. बाहेरचं क्षेत्र आलं की सगळे गट एकाच बाजूला वळतात. निकेल आणि कोबाल्ट यांचंही तसंच. सोन्यात ही एकजूट नाही. स्टीलचं मात्र सांगता येत नाही. फ्रीजवरचं चुंबक घेऊन स्वयंपाकघरातल्या ताटांना आणि डब्यांना लावून बघा, काहींना चिकटेल, काहींना नाही. दोन्ही ‘स्टेनलेस’च. मंगळसूत्र सोन्याचं असलं तरी त्याला अडकवलेली सेफ्टी पिन लोखंडी असते. ती कुणाच्या लक्षात नसते.

पण सोनं ओढलं जात नाही म्हणून ते अंगावर ठेवून चालेल असं नाही. त्याचं कारण वेगळं आहे, आणि त्यासाठी वस्तूंवरून कणांकडे यायला हवं.

बारावीचं सगळं प्रकरण मी दोन वाक्यांत धरून ठेवलंय. विद्युत क्षेत्र विद्युतप्रभाराला ढकलतं, तो स्थिर असो की चालता. चुंबकीय क्षेत्र फक्त चालत्या प्रभाराला ढकलतं, आणि तेही आडवं. समोरून अडवत नाही, मागून रेटत नाही, फक्त बाजूला वळवतं. म्हणून नुसतं चुंबकीय क्षेत्र एखाद्या प्रभाराचा वेग वाढवूही शकत नाही आणि कमीही करू शकत नाही. त्याला गती द्यायची तर विद्युत क्षेत्रच हवं. आणि तिसरं एक वाक्य फॅराडे यांनी १८३१ मध्ये जोडलं: चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर त्याच्यापोटी विद्युत क्षेत्र तयार होतं. मोटार, जनरेटर, इंडक्शनची शेगडी, सगळं यावर चालतं.

एमआरआयचा तो भयंकर ठकठकाट घ्या. आत झोपलेल्याला वाटतं, मशीनमध्ये काहीतरी सैल झालंय. तिथे हलणारं काहीच नसतं. मुख्य चुंबकाच्या आतल्या बाजूला आणखी काही वेटोळी असतात, त्यांत शेकडो अँपिअरचे प्रवाह सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद, उलटसुलट केले जातात. तारेतले इलेक्ट्रॉन म्हणजे चालते प्रभार. ते १.५ टेस्लाच्या क्षेत्रात आहेत, म्हणून प्रत्येक वेळी त्यांना आडवा धक्का बसतो. इलेक्ट्रॉन तारेला ढकलतात, तार साच्याला, आणि अख्खं नळकांडं थरथरतं. लाउडस्पीकरचा पडदा याच जोराने हलतो. इथे पडदा म्हणजे काही शे किलोचं नळकांडं, म्हणून आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि कानात बोळे घालतात.

यातून एक धोक्याचा गैरसमज तयार होतो. ठकठक थांबली की लोकांना वाटतं मशीन बंद झालं. आवाज या आतल्या वेटोळ्यांचा आहे. मुख्य चुंबक मुका असतो. स्कॅन संपल्यावर कान देऊन ऐकलं तर एक बारीक चिक्-चिक् चालू राहिलेली ऐकू येते, ती हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्राची. खोली शांत असताना सिलिंडर किंवा स्टूल आत नेणं आणि स्कॅन चालू असताना नेणं यात चुंबकाच्या दृष्टीने काही फरक नाही.

३ टेस्लाच्या मशीनमध्ये टेबल आत सरकताना काहींना गरगरल्यासारखं होतं. हीसुद्धा मनाची कल्पना नाही. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानातल्या द्रवात आयन असतात, त्यांचे बारीक प्रवाह तिथे कायम चालू असतात. तगड्या क्षेत्रात त्यांना आडवा धक्का बसतो आणि द्रव किंचित हलतो. मेंदूला वाटतं डोकं फिरतंय.

आता प्रोटॉन. अख्खं यंत्र ज्याच्यासाठी उभं केलं तो कण.

आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि हायड्रोजनचं केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. प्रोटॉन स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. एरवी हे चुंबक वाटेल तिकडे तोंड करून असतात. मोठ्या क्षेत्रात गेल्यावर ते मुकाट एका रांगेत उभे राहतात असं बऱ्याच ठिकाणी चित्र काढलेलं असतं, ते मला पटत नाही. शरीराच्या उष्णतेने ते सतत इकडेतिकडे ढकलले जात असतात. १.५ टेस्लामध्ये दहा लाख प्रोटॉनमागे क्षेत्राच्या बाजूने कल असलेले जास्तीचे किती? साधारण पाच. फक्त पाच. बाकीच्यांची बेरीज-वजाबाकी होऊन शून्य. तरीही काम होतं, कारण एका घन मिलिमीटर पाण्यात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान थेंबात, हे जास्तीचे प्रोटॉन तीन कोटी कोटींच्या वर भरतात.

क्षेत्रात प्रोटॉन डुलतो. भोवरा मंदावला की उभ्याने फिरता फिरता तोंड गोल फिरवत डुलायला लागतो, तसा. त्याच्या डुलण्याचा वेग क्षेत्रावर ठरतो: एका टेस्लाला सेकंदाला ४ कोटी २६ लाख वेळा. १.५ टेस्लाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा, म्हणजे ६३.९ मेगाहर्ट्झ. ३ टेस्लाला त्याच्या दुप्पट, जवळजवळ १२८. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ वर लागतो. म्हणजे प्रोटॉन बोलतात त्या रेडिओच्याच भाषेत, स्टेशन तेवढं थोडं अलीकडे किंवा पलीकडे.

म्हणून त्याच वारंवारतेची रेडिओ लहर सोडली की प्रोटॉन तिचा धक्का घेतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके टेकू दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी ढकलला तर नाही, तसंच. लहर थांबते, झुकलेले प्रोटॉन एकत्र डुलत राहतात. करोडो छोटे चुंबक एका लयीत फिरतात म्हणजे बदलतं चुंबकीय क्षेत्र आलं. फॅराडेच्या वाक्यानुसार शेजारी ठेवलेल्या वेटोळ्यात त्यामुळे अगदी क्षीण वीज उमटते. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं किंवा गुडघ्याभोवती डब्यासारखं जे बसवतात, ते हे वेटोळं. इतका बारीक सिग्नल एफएमच्या कलकलाटात बुडून जाईल, म्हणून अख्ख्या खोलीला आतून तांब्याचं अस्तर असतं, खिडकीच्या काचेतही तांब्याची जाळी असते. दार नीट लागेपर्यंत टेक्निशियन स्कॅन का सुरू करत नाही, त्याचं हे कारण.

मग कुठला सिग्नल गुडघ्यातून आला आणि कुठला त्याच्या बोटभर वरून, ते कसं कळतं? इथे माझ्या धंद्याचा भाग सुरू होतो. त्या ठकठकणाऱ्या वेटोळ्यांनी मुख्य क्षेत्राला मुद्दाम थोडा उतार दिलेला असतो, समजा मीटरला ३० मिलिटेस्ला. म्हणजे एक सेंटिमीटर सरकलं की प्रोटॉनचं डुलणं सेकंदाला सुमारे तेरा हजारांनी बदलतं. वारंवारता हाच पत्ता झाला. पेटीवर एकदम चार पट्ट्या दाबल्या तरी तयार कान चारही स्वर वेगळे सांगतो. गणितात हे काम फूरिए यांच्या पद्धतीने होतं आणि कॉम्प्युटर तेच करतो. त्यामुळे एमआरआयच्या फिल्मला आपण ‘फोटो’ म्हणतो ते तितकंसं खरं नाही. तो कॅमेऱ्याने काढलेला नसतो, आकड्यांवरून मांडलेला असतो. स्कॅन चालू असताना पेशंट हलला की सगळं चित्र धूसर होतं ते त्यामुळेच. मिनिटभर गोळा केलेल्या आकड्यांचे पत्तेच चुकतात.

उतार देऊन पत्ता काढायची ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. ‘नेचर’ने तो लेख आधी नाकारला होता. २००३ मध्ये लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्यासाठी नोबेल मिळालं. रोगट ऊतींतले प्रोटॉन झुकल्यानंतर पूर्ववत व्हायला वेगळा वेळ घेतात हे १९७१ मध्ये दाखवणारे रेमंड डमेडियन वगळले गेले, आणि त्यांनी वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती देऊन निषेध केला. बरोबर कोण होतं यावर अजून भांडणं होतात. रिपोर्टसाठी महत्त्वाचं एवढंच, की चरबी, स्नायू, सूज यांतले प्रोटॉन वेगवेगळ्या वेळात शांत होतात आणि त्या फरकातूनच चित्रातला काळा-पांढरा रंग येतो.

आमच्या आत्याचा प्रश्न होता, “रेडिएशन लागतं का रे त्यात?” या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द होता, तो लोक घाबरतात म्हणून गाळला. इथलं न्यूक्लिअर म्हणजे अणूच्या केंद्राशी संबंधित एवढंच, अणुभट्टीशी त्याचा काही संबंध नाही. एक्स-रेच्या एका कणाची ऊर्जा या रेडिओ लहरीच्या कणापेक्षा हजारो कोटी पट असते. एक्स-रे अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकतो. ही लहर प्रोटॉनला झुकवते, त्यापलीकडे अणूची मोडतोड करायची तिची ताकद नाही.

पण ऊब देण्याची आहे, आणि सोन्याची गोष्ट इथे येते. रेडिओ लहरीत चुंबकीय आणि विद्युत ही दोन्ही क्षेत्रं जोडीने असतात. प्रोटॉनला झुकवतो तो चुंबकीय भाग. विद्युत भाग शरीरातल्या क्षारांच्या आयनांना पुढे-मागे हलवतो, त्यातून अंग थोडं तापतं. स्कॅनआधी वजन विचारतात ते कुठलं शरीर किती लहर सोसेल याचा हिशोब मशीनला करता यावा म्हणून. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, तिथे हा प्रवाह कितीतरी जोरात चालतो. बांगडी, कडं, गळ्यातली साखळी म्हणजे धातूचं बंद वेटोळं. लोखंड नसलं तरी ते तापू शकतं आणि त्याखालची कातडी भाजू शकते. जरीच्या काठात धातूची तार असेल तर तीही यातलीच. हल्ली काही खेळाच्या कपड्यांत वास येऊ नये म्हणून चांदीचे धागे विणतात, त्यांनी भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. धातू नसतानाही वेटोळं होऊ शकतं: हाताची बोटं एकमेकांत गुंफली किंवा उघड्या मांड्या एकमेकींना टेकल्या की शरीराचंच कडं तयार होतं आणि टेकलेल्या जागी चटका बसू शकतो. टेक्निशियन मधे उशी सरकवतो ती आरामासाठी नसते.

पेसमेकर असलेल्यांना एमआरआय चालतच नाही असा एक काळ होता. आता बरेच पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, म्हणून ऑपरेशननंतर मिळालेलं कार्ड हरवू नये आणि स्कॅनच्या दिवशी बरोबर असावं. गुडघ्याचे आणि खुब्याचे टायटॅनियमचे सांधे ओढले जात नाहीत, त्यांच्या आसपासचं चित्र बिघडतं इतकंच. मेंदूतल्या रक्तवाहिनीवर जुन्या काळी बसवलेली क्लिप मात्र अतिशय गंभीर गोष्ट आहे. ती वळली तर रक्तवाहिनी फाटू शकते. असं काही ऑपरेशन झालेलं असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगायचंच.

आणि आपल्या गावापुरतं एक. बेळगाव हे फाउंड्रीचं आणि मशीनच्या कामाचं गाव. उद्यमबागेत लेथवर, ग्राइंडरवर आयुष्य काढलेली माणसं घराघरात आहेत. लोखंडाचा बारीक कण कधीतरी डोळ्यात उडालेला असतो, तेव्हा चोळून, धुऊन विसरला जातो. तो आत रुतून तीस वर्षं गप्प राहू शकतो आणि चुंबकाजवळ गेल्यावर हलू शकतो. फॉर्मवर ‘डोळ्याला कधी धातू लागला होता का’ असा एक प्रश्न असतो. त्यावर आपण आजोबांना न विचारताच ‘नाही’ लिहितो. त्यांना विचारा. शंका असली तर एमआरआयच्या आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात, आणि आत सोबत जाणाऱ्यालाही हाच प्रश्न लागू असतो.